लेखकाच्या आवडीनिवडी कादंबरीत घुसतात तेव्हा...

अर्धविराम
सध्या एक जाडजूड कादंबरी वाचतेय. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण लेखिकेचा अपमान करायचा नाहीये. नायिका वकील आहे. खटला ऐन रंगात आलाय, उद्या साक्षीदाराची उलटतपासणी, आणि आदल्या संध्याकाळी बाई कुठे? तर बागेत, गुलाबाला डोळा भरत (म्हणजे एका झाडाचा अंकुर दुसऱ्यावर कलम करत) बसल्यात. चांगली चार पानं! फांदी पेन्सिलीएवढी जाड हवी, सालीला उभी-आडवी चीर द्यायची, डोळा देठासकट काढायचा, चिरेत सरकवून वरून पट्टी गुंडाळायची पण डोळा उघडा ठेवायचा...

मी सरळ मलपृष्ठ उलटून लेखिकेचा परिचय वाचला. शेवटची ओळ, 'बागकामाची आवड.' हसूही आलं आणि चिडचिडही झाली.

तर प्रश्न असा. लेखकाची स्वतःची आवड कथेत डोकावली की तुम्हाला लगेच कळतं का? आवडतं की खटकतं? मराठी, इतर भाषांतली, कुठलीही उदाहरणं चालतील.

उंटावरचा वाचक
ते सगळं ठीक. कलम जगलं का?

अर्धविराम
@उंटावरचा, अजून तिथवर पोचले नाही. खटलाही तसाच लोंबकळतोय.

मध्यरात्र
हा धागा जपानी कादंबरीकार मुराकामीशिवाय पुढे सरकूच शकत नाही, तेव्हा मीच नारळ फोडतो. या माणसाने १९७४ मध्ये बायकोबरोबर तोक्योत जॅझ बार काढला. नाव 'पीटर कॅट'. म्हणजे मांजर आणि जॅझ दोन्ही दुकानाच्या पाटीपासूनच हजर! पहिली कादंबरी रात्री बार बंद झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिली. 'द वाइंड-अप बर्ड क्रॉनिकल'ची सुरुवात आठवा. नायक स्पॅगेटी उकळतोय, रेडिओवर रोसिनीचं संगीत लागलंय, आणि घरातलं मांजर हरवलंय. तीन आवडी एका दमात.

मला हे प्रचंड आवडतं. ओळखीच्या घरी गेल्यासारखं वाटतं. चपला कुठे काढायच्या ते माहीत असतं.

नवा_गडी
वाचतोय. पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा)

साशंक
@मध्यरात्र, तुमचं तेच माझं दुखणं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकानंतर मी पात्राकडे बघतच नाही, 'आता रेकॉर्ड लावेल' याचीच वाट बघतो. विशीतला पोरगाही तेच ऐकतो, मध्यमवयीन माणूसही तेच. सगळ्यांच्या कपाटात लेखकाच्याच रेकॉर्ड्स. एखाद्या पात्राने 'मला जॅझ अजिबात सहन होत नाही' म्हणून ती बंद करायला लावली तर मी उठून टाळ्या वाजवीन.

मध्यरात्र
@साशंक, पण तो बळजबरी करत नाही. '१क्यू८४'च्या पहिल्याच प्रसंगात टॅक्सीत यानाचेक या संगीतकाराचा 'सिन्फोनिएटा' लागतो. पुस्तक आल्यावर जपानमध्ये त्या रेकॉर्डिंगला अचानक मागणी आली. आवडीचा संसर्ग झाला म्हणायचा. माझ्यासारख्याने पण शोधून ऐकला, ज्याला आयुष्यात तुतारीपलीकडे पितळी वाद्य माहीत नव्हतं.

टिपकागद
रहस्यकथावाल्या अगाथा ख्रिस्तीबाईंचं कुणीच कसं काढलं नाही अजून? पहिल्या महायुद्धात त्या हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करत होत्या. औषधं मोजायची, मिसळायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. तिथून विषांची जी गोडी लागली (हे वाक्य फार भयंकर झालंय, पण राहू दे) ती जन्मभर पुरली. १९२० च्या पहिल्याच कादंबरीत स्ट्रिक्नीन. त्या पुस्तकाची दखल औषधशास्त्राच्या नियतकालिकाने घेतली होती, यातच काय ते आलं.

आणि 'द पेल हॉर्स' (१९६१) मध्ये थॅलियम या विषाची लक्षणं इतकी नेमकी आहेत की १९७७ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलात, निदान होत नसलेल्या बाळाचा आजार एका नर्सने ती कादंबरी वाचत असल्यामुळे ओळखला. थॅलियमच निघालं.

साशंक
हे आवडीत कसं बसतं? ती नोकरी होती. माहिती आणि आवड यांत गल्लत होतेय. वकील झालेला लेखक कोर्ट लिहितो, डॉक्टर हॉस्पिटल लिहितो, त्याला आपण लाड म्हणत नाही. अर्धविरामताईंचा प्रश्न गुलाबाचा आहे. म्हणजे कथेला नको असताना लेखकाला हवं म्हणून आलेलं.

टिपकागद
बरं, मग सफरचंद घ्या. अगाथाबाईंना सफरचंदं अतिशय प्रिय. टबात डुंबत सफरचंदं खात खात कथानकं रचायच्या. त्यांनी एरिअडनी ऑलिव्हर नावाची एक रहस्यकथा-लेखिका उभी केली, म्हणजे स्वतःचीच टिंगल. या ऑलिव्हरबाई सदानकदा सफरचंद खातात, आणि त्यांच्या मानसपुत्रावर, एका फिनिश गुप्तहेरावर, जाम वैतागलेल्या असतात. (आपल्या गुप्तहेर पॉयरोवर अगाथाबाई वैतागल्या होत्या तशाच.) हे नुसतं मजेखातर आहे असं वाटतं ना? पण १९६९ च्या 'हॅलोवीन पार्टी'त पाण्यात तरंगणारी सफरचंदं तोंडाने उचलायच्या खेळाच्या बादलीतच एका मुलीला बुडवून मारतात. त्यानंतर ऑलिव्हरबाईंना सफरचंद नजरेसमोर नको होतं.

आपलं सगळ्यात लाडकं फळ घ्यायचं आणि त्यालाच प्रेताशेजारी ठेवायचं. याला लाड म्हणता येईल का, साशंकराव?

अडीचघर
स्पॉयलर!!!

टिपकागद
@अडीचघर, पन्नासहून जास्त वर्षं झाली पुस्तकाला. शिवाय खून सुरुवातीलाच होतो. खुनी सांगितला नाहीये.

साशंक
सफरचंदाला शरण. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे) करत नाही, पण मुद्दा मान्य.

सुरवंट
माझं हँडल बघून अंदाज आला असेलच. कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह. हा गडी नुसता छंद म्हणून फुलपाखरं जमवणारा नव्हता, १९४० च्या दशकात हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात सूक्ष्मदर्शकाखाली नर फुलपाखरांच्या जननेंद्रियांची रचना बघून वर्गीकरण करत बसायचा. निळ्या फुलपाखरांचा एक गट आशियातून टप्प्याटप्प्याने अमेरिकेत आला असावा असं त्याने १९४५ मध्ये मांडलं. तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. २०११ मध्ये डीएनए तपासल्यावर तो बरोबर निघाला!

आता कादंबरीत काय केलं बघा. 'प्निन'मध्ये दोघं फिरायला गेलेत, ओल्या मातीवरून लहानशा निळ्या फुलपाखरांचा थवा उठतो. एक जण म्हणतो, व्लादिमिर व्लादिमिरोविच असता तर यांच्याबद्दल सगळं सांगितलं असतं. म्हणजे खुद्द लेखक! त्यावर प्निन म्हणतो, मला तर त्याचं ते कीटकशास्त्र म्हणजे नुसता आव वाटत आलाय.

आपल्या जिवलग छंदाला आपल्याच पात्राकडून ढोंग म्हणवून घ्यायला छाती लागते. आणि नाव-गाव-वंश काही न सांगता फुलपाखरं उडून जातात. ज्याला सगळं ठाऊक होतं तोच गप्प बसला.

कात्री
सुरवंट, सुंदर प्रतिसाद.

मी हस्तलिखितं तपासण्याचं काम करते, त्यामुळे लेखकांच्या आवडी मला फार जवळून सोसाव्या लागतात. :) अनुभवाने एक खूण कळलीय. वाक्यं अचानक चांगली होतात! आधीची तीस पानं 'तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं' छापाची, आणि एकदम कुठूनतरी लाकडाला पॉलिश करण्याचा एक परिच्छेद येतो, त्यात कापडाचा बोळा कसा, हात कसा फिरवायचा, वास कसा, सगळं डोळ्यासमोर. तिथे मी पेन्सिल खाली ठेवते. तो परिच्छेद काढायचा की बाकीची तीस पानं, असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा परिच्छेदच काढावा लागतो, आणि दर वेळी जीवावर येतं.

बंद_घड्याळ
कात्रीताई, तुमच्यासारख्याच एकांनी माझे हाल केलेत, म्हणून लिहायला बसलो.

मला चावीची जुनी हातघड्याळं उघडून दुरुस्त करायचा नाद आहे. कादंबरी लिहिली (अजून छापली गेलेली नाही, शोधू नका). नायकाकडे वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ असतं. तो ते उघडतो, तिथे मी अकरा पानं खर्ची घातली. जुनं घड्याळ सेकंदाला पाच ठोके टाकतं, तासाला अठरा हजार, बॅलन्सचं चक्र कसं डोलतं, केसासारखी स्प्रिंग चिमट्याने धरताना श्वास का रोखायचा... माझ्या मते जगातली सर्वोत्तम अकरा पानं. हस्तलिखित परत आलं तेव्हा अकराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने दोनच शब्द होते: 'किती वाजले?'

आठवडाभर मी कुणाशी धड बोललो नाही.

मग पुन्हा लिहिलं. आता दीड पान आहे. नायकाच्या हातून तिळाएवढा स्क्रू फरशीवर पडतो. तो गुडघ्यावर बसून बॅटरी आडवी धरून शोधतोय. (आडवीच धरायची, म्हणजे बारीक वस्तूची लांब सावली पडते.) आणि नेमकी तेव्हाच बायको दारात उभी राहून सांगते की ती घर सोडून चाललीय. याला वर बघता येत नाही, कारण नजर हलली तर स्क्रू गेला. ती बोलून निघून जाते. स्क्रू सापडतो.

बॅलन्सचं चक्र गेलं, स्प्रिंग गेली, अठरा हजार ठोके गेले. बॅटरी आडवी धरायची युक्ती तेवढी वाचली.

मध्यरात्र
बाप रे. छापा लवकर.

कात्री
दंडवत! आणि 'किती वाजले?' लिहिणाऱ्यालाही. (मी नव्हे, शपथ.)

अर्धविराम
बंद_घड्याळ, अंगावर काटा आला. माझ्या गुलाबवालीला नेमकी अशी बादली किंवा स्क्रू सापडलेला नाही. तिचं सगळं नीट होतं. हात कापत नाही, चाकू सटकत नाही. बाई कोर्टातही हुशार, बागेतही हुशार.

अडीचघर
उलटी बाजू पण मांडतो. लेखकाला एखादी गोष्ट आवडत नसताना फॅशन म्हणून घातली की त्याहून वाईट. बुद्धिबळ! नायक अतिबुद्धिमान आहे हे दाखवायचं, की मांडा पट. एका कादंबरीत पट मांडल्याचं वर्णन होतं, उजव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर. तिथेच डाव खलास, उजवीकडे पांढरं घर यायला हवं हे शाळेतलं पोरही सांगेल. पुढे महाशय म्हणतात, 'त्याने अनपेक्षितपणे शह-मात दिला.' समोरचा खेळाडू झोपला होता का? मात चार चाली आधी दिसते आणि चांगला खेळाडू तिथेच राजीनामा देतो. मात होईपर्यंत डाव सहसा जातच नाही.

उंटावरचा वाचक
माझा उंट तरी तिरका चालत होता ना?

अडीचघर
@उंटावरचा, तेवढं जमलं होतं त्यांना.

डोंगरवाट
मराठीकडे येऊ या की जरा. गोनीदांचं किल्ल्यांचं वेड जगजाहीर. पण 'माचीवरला बुधा'मध्ये किल्ल्याची माहितीपुस्तिका आहे का? नाही. राजमाचीचं रान आहे आणि एक म्हातारा आहे, शहर सोडून परत आलेला. इतक्यांदा पायाखाली घातलेली जागा, तटाबुरुजांचा इतिहास तोंडपाठ, तरी तो आवरून धरलाय आणि म्हाताऱ्याला पुढे केलंय.

व्यंकटेश माडगूळकरांचं दुसरं टोक. रानाची, प्राण्यांची आवड, आणि 'सत्तांतर'मध्ये आवड हीच कादंबरी! वानरांची टोळी, टोळीतली सत्ता बळकावणं, त्यात कोवळ्या पिलांचं काय होतं ते. माणसं जवळपास नाहीतच. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिथे 'हे पाल्हाळ काढा' म्हणायची सोयच नाही, कारण काढलं तर पुस्तकच उरत नाही.

सुरवंट
डोंगरवाट +१. 'सत्तांतर' वाचताना वानर म्हणजे आपणच असं कुठेही बोट दाखवून सांगितलेलं नाही, हे मला फार आवडतं.

टिपकागद
तसं असेल तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला भाषा रचायचा नाद. फिनिश आणि वेल्श भाषांच्या नादमाधुर्यावर फिदा होऊन त्याने आपल्या कथांतल्या एल्फ लोकांच्या भाषा बेतल्या. आणि तो म्हणायचा की कथेसाठी भाषा केल्या नाहीत, त्या भाषांना राहायला जग हवं म्हणून कथा केल्या. शिवाय झाडं, बाग, पाइप, मश्रूम... उंची सोडली तर आपण हॉबिटच (त्याच्या कथांतले बुटके लोक) आहोत असं त्यानेच एका पत्रात लिहून ठेवलंय.

साशंक
पुन्हा वादाला तोंड फोडतो. आवडीने कादंबरी बुडवल्याचं उदाहरण कुणी देत नाहीये. मी देतो. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल. परलोकविद्येचं खूळ. प्लँचेट, मृतात्म्यांशी संवाद, गावोगाव व्याख्यानं. १९२६ च्या 'द लँड ऑफ मिस्ट'मध्ये त्याने प्रोफेसर चॅलेंजरला, म्हणजे 'द लॉस्ट वर्ल्ड'मधल्या त्या दाढीवाल्या, खेकसणाऱ्या, कुणाच्या बापाला न ऐकणाऱ्या माणसाला, शेवटी परलोकवादी करून टाकलं. वाचवत नाही. चॅलेंजर उरतच नाही, त्याच्या कोटात डॉयल उभा.

गंमत पुढे आहे. त्याच काळात तो होम्सच्या कथाही लिहीत होता. १९२४ च्या रक्तपिपासूवाल्या कथेत होम्स सरळ सांगतो की आमचे पाय जमिनीवर आहेत, भुतांनी इकडे अर्ज करू नयेत. स्वतः डॉयल भुतांवर विश्वास ठेवून बसलेला, पण होम्सला त्याने त्याची झळ लागू दिली नाही. ज्या होम्सचा त्याला मनापासून कंटाळा होता, तोच वाचला. ज्याच्यावर जीव होता त्याची वाट लावली.

मध्यरात्र
हे भारी आहे. कंटाळा आलेलं पात्र सुरक्षित, लाडकं पात्र धोक्यात!

कात्री
मला वाटतं आवड आणि श्रद्धा यांत फरक करायला हवा. सफरचंद आवडणारा माणूस तुम्हाला सफरचंद खायलाच हवं म्हणून मागे लागत नाही. डॉयलला वाचक पटवायचा होता.

नवा_गडी
एक शंका. मग व्हिक्टर ह्यूगोला काय म्हणायचं? नोत्र-दामच्या कादंबरीत (१८३१) चर्चच्या वास्तुकलेवर आणि उंचावरून दिसणाऱ्या पॅरिसवर अख्खी प्रकरणं आहेत. कुबडा नायक क्वासिमोदो कुठे गेला ते शोधत मी पानं उलटत होतो. त्यालाही पटवायचंच होतं ना, की जुन्या इमारती पाडू नका?

टिपकागद
@नवा_गडी, काय नेमका प्रश्न टाकलात! आणि पटलंही लोकांना. त्या पुस्तकाने लोकांचं लक्ष त्या पडझड झालेल्या चर्चकडे गेलं आणि १८४० च्या दशकात जीर्णोद्धार सुरू झाला. तुम्ही उलटलेल्या पानांनी इमारत वाचवली.

कात्री
माझा फरक मोडीत निघाला. चालायचंच.

उंटावरचा वाचक
अवांतर: डिकन्सने डोमकावळा पाळला होता, नाव ग्रिप. 'बार्नबी रज'मध्ये तोच बोलका डोमकावळा त्याच नावाने आहे. कादंबरी क्रमशः सुरू होता होता, १८४१ मध्ये, खरा ग्रिप मेला. एडगर अ‍ॅलन पो याने परीक्षण लिहिताना म्हटलं की या पक्ष्याचा आणखी उपयोग करून घेता आला असता. १८४५ मध्ये पोची 'द रेव्हन' आली. पेंढा भरलेला ग्रिप फिलाडेल्फियाच्या वाचनालयात अजून बसलेला आहे.

म्हणजे एकाचं पाळीव पाखरू दुसऱ्याच्या कवितेत जाऊन बसलं. यावर आपलं काय मत, वकीलबाई?

सुरवंट
पक्ष्यांवरून आठवलं. इयान फ्लेमिंग जमैकात राहून पक्षी बघायचा. नायकासाठी साधंसं नाव हवं होतं, म्हणून कॅरिबियन पक्ष्यांवरच्या पुस्तकाच्या लेखकाचं नाव उचललं. जेम्स बाँड! बाँडला कुणी दुर्बीण घेऊन झाडाखाली बसवलं नाही हे नशीब.

अडीचघर
बसला असता तर मी बाँड वाचला असता.

अर्धविराम
आले, आले. पुस्तक काल रात्री संपलं.

थोडे शब्द मागे घेते, सगळे नाही. खटला बाई हरतात. मग सत्तरेक पानं गुलाबाचं नावही नाही, मी विसरूनही गेले होते. आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात, अशिलाच्या आईला भेटून ती घरी येते, फाटक लावते, आणि एकच ओळ: 'देठ वाळून तसाच चिकटून होता.' बस्स. पुढे काही नाही, बाई आत जाऊन दिवा लावतात.

ती ओळ मला कळली, कारण त्या चार पानांत होतं की डोळा लागला तर देठाला नुसतं बोट लावल्यावर तो गळून पडतो, आणि वाळून चिकटून राहिला तर डोळा गेला. ती माहिती नसती तर मी ओळ वाचून पुढे गेले असते. तरीही माझं म्हणणं आहे की दोन पानांत भागलं असतं. पट्टी कसली वापरायची याचा पुढे काही संबंध नाही.

साशंक
हाकानाका (हाय काय, नाय काय). दोन पानं तर दोन पानं. पण म्हणजे लेखिकेला माहीत होतं ती काय करतेय ते.

अर्धविराम
@साशंक, हो. आणि अजून एक कबुली द्यायची राहिली. इथे पहिली पोस्ट टाकली त्याच आठवड्यात मी गच्चीतल्या रानगुलाबाला एक डोळा भरला. पुस्तक समोर उघडं ठेवून, पान क्रमांक दोनशे चौदा. पानावर मातीचा अंगठा उमटलाय.

कात्री
!!!

मध्यरात्र
संसर्ग म्हणालो होतो.

उंटावरचा वाचक
ते सगळं ठीक. कलम जगलं का?

अर्धविराम
आज सकाळी देठाला बोट लावलं. पडला.